फाइल अर्ध्यावर तुटते तेव्हा: जुने संगणक, मोडेम आणि कोकणातली टेलिफोन लाइन (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

१९९० च्या दशकात रत्नागिरी, चिपळूण, दापोली, मालवण या भागांत ज्यांनी मोडेमवर, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून संगणकाचा डेटा पाठवणाऱ्या उपकरणावर, काम केले त्यांना या पानावरचे बरेच प्रश्न ओळखीचे वाटतील. माळ्यावरचा जुना संगणक खाली काढून तो पुन्हा दुसऱ्या संगणकाशी बोलू लागावा म्हणून धडपडणाऱ्यांनाही हेच प्रश्न पडतात, म्हणून उत्तरे दोघांना उपयोगी पडतील अशी लिहिली आहेत. मोडेमच्या आज्ञा येथे देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता टंकायच्या असतात.

प्रश्न: कनेक्शन तुटते हे दिसते, पण दोष नेमका कुठे आहे हे कसे ओळखावे?

फाइल आपल्या संगणकातून निघते ती सिरियल पोर्ट आणि केबलमधून मोडेमकडे, मोडेममधून टेलिफोनच्या तारेवर, एक्स्चेंजमधून पलीकडच्या मोडेमकडे आणि तेथून पलीकडच्या संगणकात जाते. यांपैकी कुठेही काही चुकले तरी पडद्यावरचा परिणाम जवळजवळ सारखाच दिसतो, आणि मग सवयीने सगळे खापर लाइनवर फुटते. कोकणात ते बहुतेक वेळा योग्यच असते. तरीही माझ्या डीटीपीच्या खोलीत एका पावसाळ्यात मी लाइनमनला तीन वेळा बोलावले, त्याने तिन्ही वेळा लाइन तपासून दिली, आणि शेवटी दोष निघाला तो मोडेमच्या पंचवीस पिनांच्या केबलचे स्क्रू मी कधी आवळलेच नव्हते यात.

तेव्हापासून मी संगणकाशेजारी एक वही ठेवू लागलो. कनेक्शन तुटले की तीन गोष्टी लिहायच्या: किती बाइट गेल्यावर तुटले, जोडणी होऊन किती मिनिटे झाली होती, आणि त्या क्षणी खोलीत, घरात किंवा आकाशात काय चालले होते. पाच-सहा नोंदी झाल्या की दोष आपोआप बोलू लागतो. एकच फाइल दर वेळी त्याच बाइटवर अडकत असेल, तर लाइनला दोष देण्यात अर्थ नाही, कारण खरखरीला फाइलमधला मजकूर वाचता येत नाही. तेथे प्रवाहनियंत्रण किंवा निसटण्याची खूण तपासावी (दोन्ही म्हणजे काय ते पुढे ‘त्याच ठिकाणी का अडकते’ या प्रश्नात आले आहे). वेगवेगळ्या फाइली पण ठराविक मिनिटांनीच तुटत असतील, तर कुठेतरी वेळमोजणी चालू आहे: पलीकडच्या यंत्राची वेळमर्यादा किंवा मोडेमचा निष्क्रियतेचा टायमर. हार्ड डिस्कचा दिवा लागला की चूक येत असेल तर पोर्ट पाहावे. कसलाच नियम सापडत नसेल, आणि संध्याकाळी किंवा पावसात प्रमाण वाढत असेल, तर मात्र लाइन.

आणखी एक भेद तितकाच महत्त्वाचा आहे. पडद्यावर ‘नो कॅरिअर’ असे आले (कॅरिअर म्हणजे दोन मोडेममध्ये अखंड चालणारा सूर), तर मोडेमने फोन खाली ठेवला आहे. फाइल थांबली पण मोडेमवरचा कॅरिअरचा दिवा अजून लागलेला आहे, तर जोडणी शाबूत असून दोन संगणकांमधला संवाद अडला आहे. पहिल्या प्रकारात लाइन, वीज आणि केबल तपासावी. दुसऱ्यात प्रोटोकॉल, म्हणजे फाइल पाठवण्याची ठरलेली पद्धत, आणि प्रवाहनियंत्रण.

प्रश्न: कोणतेही उपकरण हाताशी नसताना टेलिफोनची लाइन कशी तपासावी?

कान हेच उपकरण. साधा टेलिफोन लावून रिसीव्हर उचलावा, डायल टोन थांबवण्यासाठी एकच आकडा फिरवावा आणि त्यानंतरच्या शांततेत दहा-पंधरा सेकंद काळजीपूर्वक ऐकावे. निरोगी लाइनवर मंद, एकसारखी सळसळ असते. घुमल्यासारखा खर्जातला आवाज येत असेल, तर दोन तारांपैकी एकीचा कुठेतरी जमिनीशी संपर्क होतो आहे आणि विजेच्या तारांचा ५० हर्ट्झचा गुंजारव आत शिरतो आहे. कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज असेल तर जॉइंट सैल, ओला किंवा गंजलेला आहे. दुसऱ्याच कोणाचे संभाषण पुसटसे ऐकू येत असेल, तर केबलमध्ये पाणी शिरून शेजारच्या जोड्या एकमेकींत मिसळत आहेत. मोडेमला हे सर्वांत वाईट, कारण तो आवाजही ३०० ते ३४०० हर्ट्झ या त्याच पट्ट्यात असतो ज्यात मोडेम बोलत असतो.

गंजलेल्या जॉइंटची एक खात्रीची खूण आहे. बाहेरून एखादा फोन येऊन घंटी वाजून गेली की खरखर थोडा वेळ कमी होते आणि पुन्हा हळूहळू वाढते. लाइनवर एरवी ४८ व्होल्टचा स्थिर दाब असतो. घंटीच्या वेळी येणारा मोठा विद्युतदाब गंजाचा पातळ थर तात्पुरता भेदतो, म्हणून असे होते. पूर्वी आम्ही याचा गैरवापरही करत असू: मोठी फाइल पाठवण्याआधी शेजारच्या घरातून स्वतःलाच फोन लावून घंटी चार-पाच वेळा वाजू द्यायची. हा इलाज नव्हे, पण रात्रीपुरते काम भागत असे.

तपासणी घरातून बाहेर अशा क्रमाने करावी. आधी सगळे पॅरलल फोन, म्हणजे त्याच लाइनवर घरात जोडलेले जादा फोन, काढून टाकावेत, मग भिंतीवरची रोझेट, म्हणजे टेलिफोनच्या तारा जोडण्याची डबी, उघडावी, मग लाइन घरात शिरते त्या पहिल्या जागी थेट फोन लावून ऐकावे. तेथेही खरखर असेल तर पुढचा भाग, म्हणजे खांबावरची तार, डीपी (घरोघरच्या तारा वाटून देणारी पेटी) आणि जमिनीखालची केबल, हे लाइनमनचे काम. त्याच्याकडे तक्रार करताना ‘मोडेम चालत नाही’ असे सांगू नये. बोलणे नीट ऐकू येत असेल तर त्याच्या दृष्टीने लाइन चांगलीच असते. ‘एक आकडा फिरवल्यावर तडतड ऐकू येते’ असे सांगून रिसीव्हर त्याच्या कानाला लावावा.

प्रश्न: किनाऱ्यावरच हा त्रास इतका का होतो?

तांबे, खारी हवा आणि दमटपणा एकत्र आले की जे व्हायचे तेच होते. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकते, तसाच हिरवट थर रोझेटमधल्या स्क्रूखाली आणि जॉइंटमध्ये चढतो. तो थर वीज अडवतो, पण सारखी अडवत नाही. कधी कमी, कधी जास्त. माणसाच्या बोलण्याला त्याने फरक पडत नाही. मोडेम मात्र लहरीची उंची आणि तिचा टप्पा यांत होणारे बारीक बदल वाचत असतो, आणि प्रत्येक तडतडीला त्याच्या हातून काही अक्षरे निसटतात. वेंगुर्ले, मालवण किंवा गुहागरसारख्या अगदी समुद्राला लागून असलेल्या गावांत रोझेट वर्षातून दोनदा, म्हणजे मिरगाआधी आणि दिवाळीच्या सुमारास उघडावी. स्क्रू काढून तारेचे टोक कापून नवे सोलावे, संपर्काची जागा बारीक पॉलिश पेपरने घासून स्पिरिटने पुसावी आणि स्क्रू पुन्हा घट्ट करावा. आत मुंग्यांचे घर निघाले तर नवल नाही.

दुसरे कारण डोक्यावर असते. खांबावरून घरापर्यंत येणारी तार माडांमधून किंवा फणसाच्या फांदीवरून गेलेली असेल, तर वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर झावळ तारेवर घासते, वरचे आवरण झिजते आणि पाऊस पडताच तेथून गळती सुरू होते. वहीत वाऱ्याची नोंद करायला मी सांगतो ते याचसाठी. एका ओळखीच्या घरी कनेक्शन फक्त दुपारी तीननंतर तुटत असे, आणि सुटलेला खारा वारा तारेवरची एक सुकी झावळ हलवत होता हे कळायला आम्हाला पंधरा दिवस लागले.

तिसरे कारण आता इतिहासजमा झाले आहे, पण जुन्या नोंदी वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. खेड्यांतले अनेक फोन तारेवर नव्हे तर रेडिओ जोडणीवर चालत, आणि अशा फोनवर १२०० बिट प्रतिसेकंद या वेगानेही फाइल तग धरत नसे. सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेची १२८ पोर्टांची ग्रामीण एक्स्चेंज ज्या गावांत आली तेथे परिस्थिती एकदम सुधारली. १९८४ साली स्थापन झालेल्या या संस्थेने ती वातानुकूलनाशिवाय चालावीत अशीच बांधली होती.

प्रश्न: मोडेमने नंबर फिरवताना टोन वापरावे की पल्स?

एक्स्चेंज इलेक्ट्रॉनिक असेल तर टोन, म्हणजे एटीडीटी. जुने असेल तर पल्स, म्हणजे एटीडीपी. एकदा जोडणी झाल्यावर याचा फाइल तुटण्याशी काही संबंध उरत नाही. डायल टोन थोडा वेगळा असल्यामुळे मोडेम ‘नो डायलटोन’ म्हणत असेल, तर एटीएक्स३ दिल्यास तो टोनची वाट न पाहता नंबर फिरवतो.

प्रश्न: एक क्षण खरखर झाली की मोडेम लगेच फोन खाली ठेवतो. त्याला थोडा धीर धरायला सांगता येते का?

येते, आणि या पानावरचा सर्वांत स्वस्त उपाय हाच आहे. १९८१ साली आलेल्या हेज कंपनीच्या स्मार्टमोडेमने एटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या आज्ञांची पद्धत रूढ केली, आणि पुढे जवळजवळ सगळ्या मोडेमनी ती उचलली. त्यातच एस रजिस्टरे येतात. कॅरिअर नाहीसा झाल्यावर फोन खाली ठेवण्याआधी किती वेळ थांबायचे हे एस १० या रजिस्टरमध्ये सेकंदाच्या दशांशात लिहिलेले असते. बऱ्याच मोडेममध्ये तेथे १४, म्हणजे १.४ सेकंद असते, काहींमध्ये ७. एटीएस१०=५० अशी आज्ञा दिल्यास मोडेम पाच सेकंद थांबतो, आणि वाऱ्याचा झोत किंवा वीज चमकण्याचा खडखडाट तेवढ्यात निघून जातो. मग एटी&डब्ल्यू देऊन हे मोडेमच्या स्मृतीत कायम करावे. संवादाच्या प्रोग्रामच्या आरंभ-आज्ञेत एटी&एफ असेल तर ती मोडेमला कारखान्यातल्या मूळ स्थितीत नेते आणि आपला बदल पुसला जातो; तेथे एटीझेड लिहावे.

आकडा उगाच २५५ करू नये. अनेक मोडेममध्ये त्याचा अर्थ कॅरिअर गेला तरी लक्षच देऊ नये असा होतो, आणि पलीकडचा माणूस निघून गेला तरी आपला एसटीडीचा मीटर फिरत राहत असे.

प्रश्न: कॉल वेटिंग आणि पॅरलल फोन यांनी खरेच कनेक्शन तुटते का?

दोन्हींनी तुटते. कॉल वेटिंगची सूचना देताना एक्स्चेंज आपल्या आवाजाची वाट क्षणभर तोडून त्यात बीप घालते; एस १० वाढवले असेल तर मोडेम यातून वाचू शकतो, पण मोठ्या फाइलीआधी ती सेवा बंद करून घेणे चांगले. पॅरलल फोनचे दुखणे माणसांचे आहे. गणपतीत मुंबईहून आलेल्या पाहुण्यांपैकी कोणीतरी माजघरातला रिसीव्हर उचलतो, कर्कश आवाज ऐकून दचकून खाली ठेवतो आणि ‘तुमचा फोन बिघडलाय’ असे सांगायला आपल्या खोलीत येतो, तोवर अर्ध्या तासाचे काम गेलेले असते. मोडेमवर ‘लाइन’ आणि ‘फोन’ अशी दोन छिद्रे असतात. घरातला फोन मोडेमच्या ‘फोन’ या छिद्रातून नेल्यास मोडेम बोलत असताना बऱ्याच मोडेममध्ये तो आपोआप तोडला जातो. सगळे फोन असे मोडेमच्या मागे नेता आले तर प्रश्न मिटतो.

प्रश्न: एकच फाइल दर वेळी त्याच ठिकाणी का अडकते?

याची दोन कारणे संभवतात. पहिले प्रवाहनियंत्रणाचे. मोडेमला डेटा पेलवेनासा झाला की तो संगणकाला थांबण्याची खूण करतो. ही खूण केबलमधल्या स्वतंत्र तारांवर, म्हणजे आरटीएस आणि सीटीएस यांवर करता येते, किंवा डेटाच्याच प्रवाहात एक विशिष्ट अक्षर पाठवून करता येते. दुसऱ्या पद्धतीत १९ या क्रमांकाचा बाइट म्हणजे ‘थांब’ आणि १७ या क्रमांकाचा म्हणजे ‘चालू दे’. साध्या मजकुरात हे बाइट येत नाहीत, म्हणून पत्रे बिनबोभाट जातात. पण प्रोग्राम, चित्र किंवा झिप फाइलमध्ये ते कुठेही येऊ शकतात, आणि आला की समोरचे यंत्र आज्ञाधारकपणे थांबते ते थांबतेच. उपाय म्हणजे प्रोग्राममध्ये आणि मोडेममध्ये दोन्हीकडे तारांवरचे नियंत्रण निवडणे. मोडेमसाठीची आज्ञा जातीनुसार बदलते: रॉकवेल चिप असलेल्या मोडेममध्ये एटी&के३, यूएस रोबोटिक्समध्ये एटी&एच१. केबलमध्ये या तारा प्रत्यक्ष जोडलेल्या आहेत ना, हेही पाहावे. पैसे वाचवण्यासाठी तीनच तारा जोडलेल्या केबली बाजारात पुष्कळ मिळत.

दुसरे कारण निसटण्याच्या खुणेचे. चालू जोडणीत मोडेमशी बोलायचे असेल तर +++ असे तीन अधिक पाठवतात. हेजच्या रचनेत या खुणेच्या आधी आणि नंतर सुमारे एक सेकंद शांतता असावी लागते, त्यामुळे फाइलमध्ये तीन अधिक आले तरी बिघडत नाही. काही स्वस्त मोडेम ही शांतता पाहत नाहीत. तसा संशय आल्यास एटीएस२=२५५ देऊन निसटण्याची खूणच बंद करावी.

प्रश्न: मोडेमने ‘एररकरेक्शन’सह जोडणी केल्याचे दाखवले, तरी फाइलमध्ये सीआरसीच्या (डेटा बिनचूक आला का हे पाहणाऱ्या तपासणीच्या) चुका येतात. लाइन इतकी वाईट आहे का?

नाही, उलट हीच नोंद लाइनला दोषमुक्त करते. व्ही.४२ किंवा एमएनपी ४ या चूक सुधारण्याच्या पद्धतींवर जोडलेले दोन मोडेम आपापसांतला प्रत्येक तुकडा तपासून घेतात आणि चुकला तर पुन्हा मागवतात. लाइन खराब असेल तर अशा जोडणीत वेग मंदावेल, मोडेम पुन्हा पुन्हा सूर जुळवत बसतील, शेवटी जोडणी तुटेलही. पण चुकीचा बाइट फाइलपर्यंत येणार नाही. तरीही चुका येत असतील तर बाइट हरवतात ते मोडेम आणि संगणक यांच्यामध्ये, म्हणजे आपल्या टेबलावर.

तेथे गुन्हेगार बहुतेक वेळा सिरियल पोर्ट चालवणारी यूएआर्ट नावाची चिप असते. जुन्या पीसींतल्या ८२५० आणि १६४५० या चिपांमध्ये आलेला एकच बाइट ठेवण्याची जागा असते. ५७,६०० बिट प्रतिसेकंद या वेगाने सुमारे १७४ मायक्रोसेकंदांना एक बाइट येतो. तेवढ्यात प्रोसेसरने तो उचलला नाही, कारण तो हार्ड डिस्कवर लिहिण्यात, स्क्रीन सेव्हर रंगवण्यात किंवा विंडोजच्या आणखी कशात गुंतला होता, तर पुढचा बाइट आधीच्यावर येऊन बसतो आणि आधीचा गेला. १६५५०ए या चिपमध्ये सोळा बाइटांची रांग असते, म्हणून प्रोसेसरला तेवढी उसंत मिळते. कोणती चिप आहे हे डॉसबरोबर येणाऱ्या एमएसडी या प्रोग्राममध्ये दिसते. तो विंडोजच्या बाहेर येऊन चालवावा, कारण विंडोज ३.१ च्या आत तो नव्या चिपलाही ८२५० म्हणतो. विंडोज ३.१ मध्ये सिस्टिम.आयएनआय या फाइलमध्ये त्या पोर्टासाठी फिफो, म्हणजे हीच बाइटांची रांग, चालू असल्याची ओळ असावी.

नवे पोर्ट कार्ड मिळत नसेल तर संगणक आणि मोडेम यांच्यामधला वेग १९,२०० किंवा ९६०० वर आणावा. लोकांना हा पराभव वाटतो. पण ५७,६०० वर दर मिनिटाला चार ब्लॉक पुन्हा मागवण्यापेक्षा १९,२०० वर फाइल सरळ आलेली बरी.

प्रश्न: माउस हलवला की कनेक्शन अडते. दोघांचा काय संबंध?

पीसीमध्ये कॉम १ आणि कॉम ३ हे दोन सिरियल पोर्ट ४ क्रमांकाचा इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधण्याची खूण) वापरतात, कॉम २ आणि कॉम ४ हे ३ क्रमांकाचा. माउस कॉम १ वर आणि अंतर्गत मोडेम कॉम ३ वर असेल तर दोघे एकाच दारावर एकाच वेळी थाप मारतात. मोडेम कार्डावरचे जंपर बदलून तो कॉम २ वर न्यावा, आणि मदरबोर्डावरचा कॉम २ बंद करावा.

प्रश्न: फाइल पाठवण्यासाठी कोणता प्रोटोकॉल निवडावा?

शक्य असेल तेथे झेडमोडेम. तरीही इतरांची ओळख हवी, कारण प्रत्येक जुन्या प्रोग्राममध्ये तो नसतो, विंडोज ३.१ मधल्या टर्मिनल या प्रोग्राममध्ये फक्त एक्समोडेम आणि कर्मिट आहेत.

एक्समोडेम हा १९७७ साली वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी लिहिला. याच क्रिस्टेन्सन यांनी रँडी स्यूस यांच्याबरोबर १९७८ च्या फेब्रुवारीत शिकागोत पहिला संगणकीय सूचनाफलक सुरू केला. एक्समोडेम १२८ बाइटांचा ब्लॉक पाठवतो, पोच मिळेपर्यंत थांबतो आणि मगच पुढचा पाठवतो. तो हळू आहे, पण खराब लाइनवर त्याचा लहान ब्लॉक हीच त्याची ताकद ठरते. २४०० च्या वेगाने त्याचा एक ब्लॉक, वरचे चार बाइट धरून, सुमारे ०.५५ सेकंदात जातो, तर वायमोडेमचा १०२४ बाइटांचा ब्लॉक जायला चार सेकंदांहून अधिक लागतात. लाइनवर दर तीन सेकंदांनी तडतड होत असेल तर मोठा ब्लॉक कधीच पूर्ण पोचणार नाही आणि दहा प्रयत्नांनंतर प्रोग्राम हात टेकील. लहान ब्लॉक मात्र दोन तडतडींच्या मधून निसटून जाईल. वायमोडेम-जी हा प्रकार तर चूक सुधारतच नाही, पहिल्या चुकीला काम सोडतो, व्ही.४२ ची जोडणी नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

कर्मिट हा १९८१ साली कोलंबिया विद्यापीठात तयार झाला. तो मंद आहे, पण ज्या वाटेवर दुसरे काही चालत नाही तेथून तो जातो, कारण धोक्याची अक्षरे साध्या अक्षरांत गुंडाळून पाठवणे हीच त्याची मूळ कल्पना आहे.

झेडमोडेम हा चक फोर्सबर्ग यांनी १९८६ साली लिहिला. तो पोचेची वाट न पाहता पाठवत राहतो, चूक झाली तर तेवढ्या ठिकाणी मागे येतो, थांब-चालूच्या खुणांचे बाइट स्वतःच गुंडाळतो, आणि कोकणातल्या माणसाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे म्हणजे तुटलेली फाइल जेथे तुटली तेथून पुढे चालू करतो. यासाठी दोन गोष्टी पाळाव्यात. घेणाऱ्या प्रोग्राममध्ये अर्धवट फाइल पुसण्याऐवजी ठेवण्याची निवड असावी. आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये पाठवणाऱ्याने मूळ फाइलला हात लावू नये, नाहीतर जुन्या फाइलचे डोके आणि नवीचे धड असा प्राणी तयार होतो. प्रोग्राममध्ये झेडमोडेम नसेल तर डॉसवर फोर्सबर्ग यांचाच डीएसझेड हा बाहेरून जोडता येणारा प्रोग्राम आहे.

झेडमोडेम नाहीच मिळाला तर फाइलचे तुकडे करावेत. एआरजेसारख्या प्रोग्रामने शंभर-शंभर किलोबाइटांचे भाग पाडले, की तुटल्यावर एकच भाग पुन्हा पाठवावा लागतो. २४०० च्या वेगाने १.२ मेगाबाइटची पूर्ण फ्लॉपी जायला ८५ मिनिटे लागतात. एवढा वेळ सलग निरोगी राहणारी लाइन मी जुलै महिन्यात पाहिलेली नाही.

प्रश्न: इंग्रजी फाइल नीट जाते, पण मराठी मजकूर पोचल्यावर आकडे आणि इंग्रजी अक्षरे दिसतात. हे कनेक्शनमुळे आहे का?

कनेक्शनच्या मांडणीमुळे आहे. जिस्ट कार्ड (संगणकावर भारतीय लिप्या आणणारे कार्ड) आणि तत्सम साधनांवर तयार झालेल्या फाइलींत मराठी अक्षरे इस्की या संकेतप्रणालीत असतात. तिच्यात खालची १२८ स्थाने इंग्रजीची आणि वरची भारतीय लिप्यांची. वरचे स्थान ओळखले जाते ते बाइटच्या आठव्या बिटावरून. जोडणी सात डेटाबिट आणि सम पॅरिटी (तपासणीचा जादा बिट) अशी मांडलेली असेल तर हा आठवा बिट वाटेतच कापला जातो, आणि ‘क’ च्या जागी ३, ‘ख’ च्या जागी ४, ‘ग’ च्या जागी ५ असे इंग्रजी आकडे उमटतात. चूक इतकी नियमित असते की मूळ मजकूर परत मिळवणेही पुष्कळदा शक्य होते, फक्त मजकुरातले खरे आकडे आणि इंग्रजी शब्द हाताने वेगळे करावे लागतात. दोन्ही बाजूंना आठ डेटाबिट, पॅरिटी नाही आणि एक स्टॉपबिट अशी मांडणी करावी. पलीकडचे यंत्र सात बिटांवरच अडून बसले असेल तर कर्मिट वापरून त्यात आठव्या बिटाची गुंडाळणी चालू करावी.

प्रश्न: फाइल पूर्ण आली, पण मूळपेक्षा थोडी मोठी आहे.

एक्समोडेम शेवटचा ब्लॉक १२८ पर्यंत भरून काढतो, बहुधा २६ क्रमांकाच्या बाइटांनी. मजकुराला याने काही होत नाही. बिनचूक आकार हवा असेल तर फाइल झिप करून पाठवावी.

प्रश्न: वीज डचमळली की संगणक चालू राहतो, पण कनेक्शन जाते. असे का?

कारण संगणक यूपीएसवर आहे आणि मोडेमचा अडॅप्टर भिंतीतल्या साध्या प्लगमध्ये. हे मी अक्षरशः डझनभर घरांत पाहिले आहे. मोडेमला लागणारी वीज अगदी थोडी असते, तेव्हा त्याचा अडॅप्टरही यूपीएसवरच लावावा. संध्याकाळी दाब १७०-१८० व्होल्टपर्यंत उतरत असेल तर साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अडॅप्टरचा दाबही त्याच प्रमाणात उतरतो आणि मोडेम अधूनमधून स्वतःच नव्याने सुरू होतो. दिवे एकदम सगळे लागून विझले तर हेच घडले असे समजावे.

विजांच्या दिवसांत, म्हणजे मे महिन्याच्या वळिवात आणि परतीच्या पावसात, काम नसेल तेव्हा टेलिफोनची तार आणि विजेचा प्लग दोन्ही काढून ठेवावेत. एकच काढून भागत नाही, कारण मोडेम हा या दोन जाळ्यांना जोडणारा पूल आहे. लाइनवर संरक्षक पेटी लावली तरी तिचे काम अर्थिंगवर अवलंबून असते, आणि आपल्या जांभ्यात, विशेषतः उन्हाळ्यात कोरडा पडल्यावर, चांगले अर्थिंग मिळणे कठीण. खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरून वरचेवर पाणी घालावे लागते. विजेचा धक्का बसलेला मोडेम नेहमीच मरत नाही. तो नंबर फिरवतो, जोडणीही करतो, पण पूर्वी १४,४०० वर जोडणारा आता ४८०० वर रखडतो आणि लवकर तुटतो. पावसाळ्यानंतर अचानक सगळे बिघडले असेल तर दुसऱ्याचा मोडेम मागून आणून तासभर लावून पाहावा, मगच लाइनचा शोध सुरू करावा.

प्रश्न: वेग कमी केल्याने खरेच फरक पडतो का?

पडतो. व्ही.३२बिस या जातीचे मोडेम १४,४०० वरून १२,०००, ९६००, ७२०० आणि ४८०० असे पायरीपायरीने स्वतःच खाली येतात, पण प्रत्येक पायरीला सूर जुळवण्यात काही सेकंद जातात आणि तेवढ्यात समोरचा प्रोग्राम कंटाळू शकतो. लाइन ९६०० च पेलते हे वहीवरून कळले असेल तर मोडेमला सुरुवातीपासूनच ९६०० वर बांधून ठेवावे. त्याची आज्ञा त्या त्या मोडेमच्या पुस्तिकेत पाहावी.

प्रश्न: आता घरात फायबर आले आहे. जुना मोडेम त्यावरच्या फोनला जोडता येईल का?

जोडता येईल, टिकेल की नाही हे सांगता येत नाही. फायबरच्या पेटीतून निघणाऱ्या फोनवर आवाज पॅकेटांच्या रूपात जातो. सेवा ६४ किलोबिटांच्या न दाबलेल्या आवाजावर चालत असेल तर ३०० ते २४०० चे वेग पुष्कळदा तग धरतात. आवाज दाबून पाठवला जात असेल तर मोडेमच्या सुरांचा त्यात चुराडा होतो, कारण ती पद्धत माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेली आहे. एखादे पॅकेट उशिरा आले तर माणसाला ते कळतही नाही, पण व्ही.३४ सारख्या वेगवान मोडेमच्या दृष्टीने काळच सरकलेला असतो आणि तो पुन्हा सूर जुळवायला बसतो. म्हणून येथे वेग २४०० किंवा फार तर ९६०० वर बांधावा, एस १० वाढवावे आणि झेडमोडेम वापरावा.

प्रश्न: मला फक्त जुन्या संगणकातल्या फाइली बाहेर काढायच्या आहेत. टेलिफोन लाइन लागेलच का?

मुळीच नाही. दोन्ही संगणक एका खोलीत असतील तर नलमोडेम केबल, म्हणजे मोडेमशिवाय दोन संगणक थेट जोडणारी केबल, पुरे. नऊ पिनांच्या जोडणीत २ आणि ३ क्रमांकाच्या तारा एकमेकींत उलट करायच्या, ७ आणि ८ याही उलट करायच्या, ५ सरळ न्यायची. मग मोडेमच्या आज्ञा न देता दोन्हीकडे सारखा वेग ठेवून झेडमोडेम किंवा कर्मिट चालवायचा. नव्या संगणकाला सिरियल पोर्ट नसेल तर यूएसबीवरून सिरियल करणारी तार मिळते. सुरुवात ९६०० वर करावी.

केवळ मोडेमचा तो आवाज पुन्हा ऐकायची हौस असेल, तर दोन मोडेम टेलिफोनच्या साध्या तारेने थेट जोडावेत, एकाला एटीएक्स३डी आणि लगेच दुसऱ्याला एटीए ही आज्ञा द्यावी. काही मोडेमना तारेवर थोडा विद्युतप्रवाह लागतो. तेव्हा दोनपैकी एका तारेत ९ व्होल्टची बॅटरी ओळीने जोडली की ते बोलू लागतात. मात्र अशी जोडणी भिंतीतल्या टेलिफोन लाइनला लागलेली असताना कधीही करू नये.